आयव्हीएफ सुरू करण्यापूर्वी : दर टप्प्यावर घटणाऱ्या आकड्यांचा हिशेब

आयव्हीएफचा, म्हणजे बीजांड आणि शुक्राणू यांचा संयोग प्रयोगशाळेत घडवून तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडण्याचा, उपचार घेणाऱ्या जोडप्याला पहिला धक्का बहुतेक वेळा मधल्याच एखाद्या सकाळी बसतो. सोनोग्राफीत बारा फॉलिकल, म्हणजे अंडाशयात बीजांड वाढवणाऱ्या पिशव्या, दिसलेल्या असतात, घरात सगळ्यांच्या तोंडी बारा हा आकडा झालेला असतो, आणि मग प्रयोगशाळेतून फोन येतो की पाचव्या दिवसापर्यंत दोनच गर्भ पोहोचले. आपले काही तरी चुकले, औषध नीट घेतले गेले नाही, असे त्या स्त्रीला वाटू लागते. प्रत्यक्षात ही घट अगदी नेहमीची असते. बारा फॉलिकलमधून साधारण नऊ-दहा बीजांडे मिळतात, त्यांतली सात-आठ पक्व असतात, पक्व बीजांडांपैकी साठ-सत्तर टक्क्यांचे फलन होते आणि फलित झालेल्यांपैकी निम्मी किंवा त्याहून कमीच पाचव्या दिवसाच्या अवस्थेपर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्टपर्यंत, टिकतात. नैसर्गिक गर्भधारणेतही अशीच गळती होते, परंतु ती शरीराच्या आत होत असल्यामुळे कोणाला मोजता येत नाही. आयव्हीएफमध्ये ती मोजली जाते, म्हणून ती जास्त बोचते.

नव्याने उपचाराकडे वळणाऱ्यांनी हा हिशेब आधीच समजून घ्यावा, असे मला कळकळीने वाटते. पुढील मजकूर उपचाराच्या क्रमाने दिला आहे, आणि सल्लाकक्षातील घाईत सहसा सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टींवर त्यात भर आहे.

आयव्हीएफची गरज आहे का?

नियमित संबंध असूनही वर्षभरात गर्भ राहिला नाही, तर तपासणी सुरू करावी. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच. तपासणी दोघांची एकाच वेळी व्हावी, हे मी सर्वांत आधी सांगेन. आपल्याकडे आजही असे घडते की स्त्रीच्या रक्ततपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधी कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियादेखील होऊन जाते, आणि तोवर पतीची वीर्यतपासणी झालेलीच नसते. ही तपासणी स्वस्त आणि वेदनारहित आहे, आणि वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळावे आणि एकाच अहवालावरून निष्कर्ष काढू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आलेला डेंग्यूचा किंवा टायफॉइडचा ताप आजच्या अहवालात दिसू शकतो. याच कारणासाठी तंबाखू, गुटखा आणि मद्य सोडायचे असेल, तर ते उपचारापूर्वी किमान तीन महिने सोडावे. स्त्रियांच्या मिश्रीलाही हेच लागू आहे. ती दातांना लावायची पूड म्हणून निरुपद्रवी समजली जाते, पण तीही तंबाखूच आहे.

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना एक गोष्ट क्वचितच कोणी सांगते. बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे इंजेक्शन शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पाडू शकते. पौरुष वाढावे म्हणून घेतलेले औषधच अपत्यप्राप्तीच्या आड येते. औषध थांबवल्यावर निर्मिती बहुधा पूर्ववत होते, मात्र त्याला अनेक महिने लागतात. म्हणून अशी इंजेक्शने किंवा अनोळखी पावडरी घेतल्या असतील, तर ते डॉक्टरांना न संकोचता सांगावे.

स्त्रीच्या तपासण्यांपैकी एएमएच या रक्ततपासणीचा सर्वाधिक गैरसमज होतो. हा आकडा अंडाशयात शिल्लक असलेल्या बीजांडांच्या संख्येचा अंदाज देतो आणि इंजेक्शनांना शरीर किती प्रतिसाद देईल हे ठरवायला उपयोगी पडतो. बीजांडांच्या दर्जाविषयी तो काही सांगत नाही. दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो. एएमएच कमी असलेल्या तिशीतल्या स्त्रीला बीजांडे थोडी मिळतील, परंतु ती तिशीतलीच असतील. त्यामुळे केवळ या एका अहवालावर घाबरून दात्या स्त्रीचे बीजांड घेण्याचा निर्णय करू नये.

गर्भनलिकेत पाणी साठून ती फुगलेली असेल, तर गर्भ थेट गर्भाशयात सोडायचा असला तरी ते पाणी गर्भाशयात उतरून यशाची शक्यता बरीच कमी करते. अशी नलिका आधी काढून टाकण्याचा किंवा गर्भाशयाजवळ बंद करण्याचा सल्ला दिला जातो. ‘नळी तर वापरायचीच नाही, मग तिची शस्त्रक्रिया कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर हे आहे. भारतात नलिका बिघडण्याच्या कारणांत जननेंद्रियांचा क्षयरोग महत्त्वाचा आहे, म्हणून पूर्वी क्षयरोग झालेला असल्यास तो लपवू नये.

उपचारापूर्वीचे तीन महिने

फॉलिक अ‍ॅसिडची दररोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी सुरू व्हावी. थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घेऊन महिनाभर थांबावे लागते, म्हणून ही तपासणी शेवटच्या क्षणी करून चालत नाही.

आपल्या भागाशी थेट संबंध असलेली एक बाब येथे सविस्तर सांगायला हवी. विदर्भात आणि राज्याच्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक मोठ्या प्रमाणावर आढळतात, तर सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत थॅलेसेमिया या तशाच आजाराचे. वाहक व्यक्ती स्वतः निरोगी असते, परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा ज्या घरांत आहे, तेथे आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होणाऱ्या अशा आजारांचा धोका आणखी वाढतो. आयव्हीएफमध्ये गर्भ शरीराबाहेर असताना त्याच्या काही पेशी घेऊन विशिष्ट आजार तपासता येतो, म्हणून ही रक्ततपासणी आधीच झालेली असणे फार मोलाचे ठरते. मुलगा की मुलगी हे पाहणे मात्र कायद्याने गुन्हा आहे. तसे सुचवणाऱ्या केंद्रातून तात्काळ बाहेर पडावे.

केंद्राची निवड

२०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि केंद्रांचे दोन स्तर आहेत : पहिल्या स्तरावरील केंद्राला फक्त आययूआयसारखे (वीर्य नळीने गर्भाशयात सोडण्यासारखे) साधे उपचार करता येतात, तर आयव्हीएफ करण्यासाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. बीजांड दान करणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची असावी आणि तिने आयुष्यात एकदाच दान करावे, असेही कायदा सांगतो. यशाची शक्यता, खर्च, फायदे, तोटे आणि धोके यांविषयी समुपदेशन करणे हे केंद्राचे कायदेशीर कर्तव्य आहे. तक्रार निवारण कक्ष असणेही बंधनकारक आहे. यांपैकी कोणतीही गोष्ट मागताना आपण उपकार मागत आहोत असे वाटून घेऊ नये.

जाहिरातीतल्या ‘सत्तर टक्के यश’ या शब्दांचा अर्थ विचारावा. रक्ततपासणी सकारात्मक येणे, सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसणे आणि मूल जन्माला येणे हे तीन वेगवेगळे आकडे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर आकडा उतरत जातो. शिवाय यश कोणत्या पायावर मोजले, हेही महत्त्वाचे असते. इंजेक्शने सुरू केलेल्या सर्व स्त्रियांमागे मोजले, की ज्यांच्यात गर्भ सोडता आला फक्त त्यांच्यामागे? विचारायचा प्रश्न एकच आहे : ‘माझ्या वयाच्या, स्वतःचे बीजांड वापरणाऱ्या, उपचार सुरू केलेल्या शंभर स्त्रियांपैकी किती जणी मूल घेऊन घरी गेल्या?’ तुलनेसाठी सांगायचे तर, ब्रिटनच्या नियामक संस्थेच्या २०२२ च्या आकडेवारीत सोडलेल्या प्रत्येक गर्भामागे जिवंत बाळंतपणाचे प्रमाण ३५ वर्षांखालील स्त्रियांत सुमारे ३५ टक्के होते, तर ४३-४४ वर्षांच्या स्त्रियांत सुमारे ५ टक्के.

खर्चाचा आकडा लेखी घ्यावा आणि त्यात इंजेक्शने, भूल, गर्भ गोठवणे, वार्षिक साठवणूक आणि पुढील प्रत्येक हस्तांतरण (गर्भ गर्भाशयात सोडणे) धरले आहे का, हे पाहावे. ‘पॅकेज’मधून अनेकदा इंजेक्शनेच वगळलेली असतात, आणि त्यांचा खर्च मोठा असतो. गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हा उपचार मोफत उपलब्ध झाला आहे. तेथील रहिवाशांनी कर्ज काढण्यापूर्वी तिकडे चौकशी करावी.

इंजेक्शनांचे दिवस

‘इतकी बीजांडे काढली, तर पाळी लवकर जाईल का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक स्त्रीच्या मनात असतो आणि तो सहसा विचारला जात नाही. उत्तर ‘नाही’ असे आहे. दर महिन्याला शरीर स्वतःहूनच अनेक फॉलिकल पुढे आणते, त्यांतले एक वाढवते आणि बाकीचे विरून जाऊ देते. इंजेक्शने त्या विरून जाणाऱ्या फॉलिकलना वाढवतात. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला हात लागत नाही.

या टप्प्यामागे एक भारतीय नाव आहे आणि ते आपल्याला ठाऊक असायला हवे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जगातील पहिले आयव्हीएफ बाळ जन्मले, ते स्त्रीच्या नैसर्गिक चक्रात आपोआप तयार झालेल्या एकाच बीजांडातून. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन अधिक बीजांडे मिळवली होती, ती योनिमार्गाने काढली होती आणि गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला होता. आज जगभर रुळलेल्या पद्धतीची ही तीन प्रमुख अंगे त्यांनी तुटपुंज्या साधनांत उभी केली. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नांतून जन्मलेले बाळ भारतातील पहिले मानले गेले. परंतु मुखोपाध्याय यांची टिपणे वाचल्यावर, पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे, असे स्वतः आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितले. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे, आणि तो आवर्जून सांगावासा वाटतो.

इंजेक्शने साधारण आठ ते बारा दिवस, पोटाच्या त्वचेखाली, रोज ठरावीक वेळी घ्यायची असतात. थोड्या सरावाने ती घरी घेता येतात. शीतपेटीतली औषधे दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात, म्हणून गावाहून एसटीने येणाऱ्यांनी बर्फाच्या पाकिटासह छोटा डबा बाळगावा, मात्र औषध बर्फाला थेट चिकटू देऊ नये, कारण गोठलेले इंजेक्शन निकामी होते.

बीजांडे पूर्ण पक्व करणाऱ्या शेवटच्या, ‘ट्रिगर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजेक्शनाची वेळ सर्वांत काटेकोर असते. ते घेतल्यापासून ३४ ते ३६ तासांनी बीजांडे काढतात. सोमवारी रात्री दहाला इंजेक्शन दिले असेल, तर बीजांडे बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास निघतात. तासाभराची चूक झाली तरी ती लपवू नये, लगेच फोन करावा. वेळ बदलून घेता येते.

पीसीओएस (अंडाशयात अनेक लहान फॉलिकल साठण्याचा संप्रेरकविकार) असलेल्या किंवा खूप फॉलिकल आलेल्या स्त्रियांनी अंडाशयाच्या अतिउत्तेजनाची लक्षणे माहीत करून घ्यावीत. पोट झपाट्याने फुगणे, एक-दोन दिवसांत वजन एक-दोन किलोंनी वाढणे, लघवी कमी होणे, सतत उलट्या होणे किंवा दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हा धोका टाळण्यासाठी डॉक्टर सर्व गर्भ गोठवून हस्तांतरण पुढच्या महिन्यावर ढकलतात. ती दिरंगाई नसते, ती खबरदारी असते.

बीजांडे काढण्याचा दिवस आणि प्रयोगशाळा

प्रक्रिया अल्पशा भुलेखाली पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. पोटावर टाका नसतो. त्याच सकाळी पतीला वीर्याचा नमुना द्यावा लागतो, आणि अनेक पुरुषांना त्या दडपणाखाली तो देता येत नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. आधीच एक नमुना गोठवून ठेवावा म्हणजे त्या दिवसाचा ताण जातो. कोकणात घरोघरी व्यापारी जहाजांवर नोकरी करणारे पुरुष आहेत. त्यांनीही जहाजावर जाण्यापूर्वी नमुना गोठवून संमतिपत्रे भरून ठेवली, तर सुटीची वाट पाहण्यात स्त्रीच्या वयाची वर्षे जात नाहीत.

फलन दोन प्रकारे करतात. बीजांडाभोवती शुक्राणू सोडले तर ते नेहमीचे आयव्हीएफ, आणि एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडला तर इक्सी. इक्सीने पहिल्या गर्भधारणा झाल्याचे ब्रुसेल्समधील डॉक्टरांनी १९९२ मध्ये जाहीर केले. शुक्राणू फार कमी किंवा दुर्बल असलेल्या पुरुषांसाठी ती शोधली गेली. शुक्राणू सामान्य असताना इक्सी केल्याने मूल होण्याची शक्यता वाढत नाही, हे मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे. तरीही ती सरसकट सुचवली जाते, म्हणून कारण विचारावे.

गर्भाला दिलेली ‘ग्रेड’ ही त्याच्या दिसण्यावरून दिलेली असते. देखण्या गर्भातही गुणसूत्रांचा दोष असू शकतो, आणि मध्यम दिसणारा गर्भ पुढे सुदृढ बाळ होऊ शकतो. पाचव्या दिवसापर्यंत थांबल्याने गर्भ सुधारत नाही. कोणता तग धरतो एवढेच कळते. गोठवलेला गर्भ उणे १९६ अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहतो आणि तेथे त्याचे वय वाढत नाही : बत्तिसाव्या वर्षी गोठवलेला गर्भ अडतिसाव्या वर्षी वापरला, तरी त्याचा दर्जा बत्तिशीचाच असतो.

गर्भाचे हस्तांतरण

हस्तांतरणाला भूल लागत नाही. सोनोग्राफी स्पष्ट दिसावी म्हणून मूत्राशय भरलेले ठेवायला सांगतात, तेवढाच त्रास. किती गर्भ सोडायचे, हा येथील खरा प्रश्न आहे. दोन सोडले तर ‘एकाच खर्चात दोन’ असे घरच्यांना वाटते, पण जुळ्यांमध्ये अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, कमी वजन आणि आईचा रक्तदाब वाढणे यांचे प्रमाण बरेच जास्त असते. चांगला गर्भ हाताशी असेल, तर एकेक करून सोडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. उरलेला गोठवलेला असतोच.

नंतर दिवसेंदिवस पडून राहण्याची गरज नसते. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे उठल्याने, जिना उतरल्याने किंवा शिंकल्याने गर्भ खाली पडत नाही. पूर्ण विश्रांतीने यश वाढत नाही, असे अभ्यास सांगतात. सासूबाईंनी प्रेमाने अंथरुणाला खिळवून ठेवले, तर त्यांना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवावे. नाही तर अपयश आल्यावर ‘तू त्या दिवशी उठलीस म्हणून’ हा आरोप आयुष्यभर पाठ सोडत नाही.

याच सुमारास निरनिराळे जोडउपचार सुचवले जातात. गर्भाशयाचे अस्तर खरवडण्याने रुजण्याची शक्यता वाढते, असा समज अनेक वर्षे होता; २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. म्हणून प्रत्येक जादा उपचाराबाबत, ‘माझ्यासारख्या रुग्णांत याने मूल होण्याचे प्रमाण वाढल्याचा पुरावा आहे का?’ असे शांतपणे विचारावे.

वाट पाहण्याचे दिवस

या काळात घ्यायच्या प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवण्यास मदत करणाऱ्या संप्रेरकामुळे स्तन जड होणे, पोट फुगणे, झोप येणे अशी गर्भारपणासारखीच लक्षणे दिसतात, म्हणून लक्षणांवरून काहीही ठरवता येत नाही. घरगुती चाचणी लवकर करू नये. ट्रिगर इंजेक्शनात बहुधा एचसीजी हे संप्रेरक असते आणि ही चाचणीही तेच शोधत असते, त्यामुळे काही दिवस खोटा होकार मिळू शकतो. थोडे रक्त दिसले म्हणजे सगळे संपले असेही नसते, आणि त्या भीतीने औषधे स्वतःहून बंद करणे ही या टप्प्यावरची सर्वांत घातक चूक आहे. निर्णय बीटा एचसीजीच्या रक्ततपासणीनेच करावा.

तपासणी सकारात्मक आली तरी सहाव्या-सातव्या आठवड्याची सोनोग्राफी चुकवू नये. गर्भ गर्भाशयात सोडलेला असूनही तो सरकून नलिकेत रुजू शकतो. हे क्वचित घडते, पण जिवावर बेतू शकते. एका बाजूला तीव्र दुखणे किंवा भोवळ येणे ही तातडीची लक्षणे समजावीत.

चक्र अयशस्वी झाल्यास

जगातील पहिले आयव्हीएफ बाळ ज्यांच्या प्रयत्नांतून जन्मले, त्या ओल्डहॅमच्या चमूने १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रियांवर प्रयत्न केले. गर्भ ११२ वेळा गर्भाशयात सोडला, तेव्हा पाच गर्भधारणा झाल्या आणि दोन बाळे जन्मली. आजचे प्रमाण त्याच्या कित्येक पट चांगले आहे, तरीही पहिल्याच चक्रात, म्हणजे उपचाराच्या पहिल्या फेरीत, यश न येणे हे अनेकांच्या वाट्याला येते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत दुसरे चक्र ठरवू नये. त्याऐवजी डॉक्टरांची स्वतंत्र वेळ घ्यावी आणि केंद्राने द्यावयाचे उपचाराच्या तपशिलाचे प्रमाणपत्र तसेच प्रयोगशाळेची नोंद मागावी : किती बीजांडे निघाली, किती पक्व होती, किती फलित झाली, कोणत्या दिवशी किती उरली. गळती कोणत्या टप्प्यावर नेहमीपेक्षा जास्त झाली, हे त्यातून दिसते, आणि पुढच्या वेळी औषधाची मात्रा बदलावी, फलनाची पद्धत बदलावी की गर्भाशयाकडे लक्ष द्यावे, हे त्यावरून ठरते. दुसरे केंद्र गाठले तरी हीच नोंद तेथील डॉक्टर सर्वांत आधी मागतील.

संमतिपत्रे मात्र पहिल्याच भेटीत घरी नेऊन, मराठी प्रत मागून, दोघांनी एकत्र बसून वाचावीत. गर्भ गर्भाशयात सोडण्यापूर्वी केव्हाही संमती मागे घेता येते. गोठवलेले गर्भ कायद्याने दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतात, आणि दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा निर्णय घेण्याची क्षमता गेली तर त्यांचे काय करावे, हे याच कागदांवर आधी लिहून द्यावे लागते. हा प्रश्न इंजेक्शनांच्या धावपळीत, स्वागतकक्षात उभ्याउभ्या सोडवण्याचा नाही. त्यासाठी एक निवांत संध्याकाळ राखून ठेवावी.